एक्केचाळीसाव्या पानावरची चिमणी

मे महिन्यातली दुपार होती आणि काम अगदी साधं होतं. दोन पत्र्याच्या पेट्या हातगाड्यावर घालायच्या, मल्लिनाथअप्पांच्या वाचनालयात पोचवायच्या, गाडा घेऊन परत यायचं. लातूरच्या गोलाईतून जे सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एकाच्या आतल्या बोळात हे वाचनालय. पेट्या अबुजरच्या बापानं, लालमहंमदनं, स्वतः ठोकलेल्या. वाचनालय बंद होणार होतं आणि अप्पा सगळी पुस्तकं देवणीला आपल्या गावाकडं नेणार होते, म्हणून पेट्या.

साधं काम, पण अबुजर दोन वर्षं त्या बोळात शिरला नव्हता. चहाला जायचं तरी तो लांबून वळसा घालून जायचा. त्या दिवशी बापानं नुसतं बोट दाखवलं, पेट्यांकडं आणि मग रस्त्याकडं. बाप-लेकात बोलणं एवढंच उरलं होतं.

का, ते आधी सांगतो. न सांगता पुढं जाता येणार नाही.

अबुजरची मोठी बहीण हुमा. चार वर्षांनी मोठी, पण दोघं एका पुस्तकात डोकं घालून वाढलेले. घरात सगळे दखनी बोलायचे. हे दोघं पुस्तकांबद्दल मात्र मराठीत बोलायचे, कारण दोघंही मराठी शाळेत शिकलेले आणि त्यांचा लाडका लेखक मराठी. हंडरगुळीकर त्याचं नाव. ‘निळ्या गडाचे स्वार’ नावाची त्याची अकरा भागांची मोठी कहाणी. तलवारी, मंत्र, बोलणारे घोडे, आणि मेघदंड नावाचा एक नायक, जो दर भागात हरायचा आणि तरी पुन्हा खोगिरावर चढायचा. शहाणी माणसं अशा पुस्तकांना पोरखेळ म्हणतात. म्हणू द्या. त्या शहाण्या माणसांनी पुढं काय केलं ते सांगतोच.

बारावा भाग आलाच नाही. हंडरगुळीकर वारले. मेघदंड एका पुलाच्या मधोमध उभा राहिला तो राहिलाच. हुमा तेव्हा तीन दिवस नीट जेवली नव्हती. मग तिनं ठरवलं, याच्यानंतर वाचण्यासारखा दुसरा कुणीतरी असणारच, आणि तो आपण शोधायचा. अबुजर तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होता. शोधायचं काम हुमाकडं. ती आधी वाचणार, चांगलं निघालं तर त्याला सांगणार. लहानपणापासूनची तीच रीत. एकच पुस्तक दोघं वाचत असले तर हुमा कायम तीस पानं पुढं असायची. म्हणायची, मी पुढं जाऊन बघते वाट साफ आहे का, तू मागून ये. पुढं कुणी मरणार असलं की ती त्या दिवशी अबुजरला आपल्या वाट्याचं संत्रं द्यायची. त्याच्यावरून त्याला कळायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात तिचा मेसेज आला.

“सापडलं. हंडरगुळीकरांनंतर काय वाचायचं ते सापडलं. आल्यावर सांगते. फोनवर न्हाई.”

त्याच दिवशी तिला ताप भरला होता. डेंग्यूचा. हे अबुजरला कुणी सांगितलं नाही. बिलोलीचं स्थळ आलं होतं, आठवड्यावर मंगनी होती. आजारी पोरगी म्हटल्यावर पाहुणे माघार घेतील, म्हणून घरातल्या मोठ्या माणसांनी बसून ठरवलं की ताप झाकायचा. दवाखान्यात नेलं तर कुणीतरी बघणार, बिलोलीला कळणार. पाच दिवस झाकला. बाप, चाचा, आई फरीदा, सगळ्यांनी मिळून. तिचा फोन काढून घेतला. अबुजरनं घरी लावला की आई म्हणायची, झोपली आहे. परीक्षा सुरू आहे पोराची, त्याला कशाला त्रास. सहाव्या दिवशी दवाखाना, सातव्या दिवशी कबरस्तान. अबुजर पोचला तेव्हा माती वाळलेली होती.

परीक्षेचे तीन पेपर राहिले होते. तो परत गेलाच नाही. घरातले अजून सांगत फिरतात की पोरगं वाया गेलं, कॉलेज सोडलं. का सोडलं ते मात्र एकजणही सांगत नाही.

बापानं तिची पुस्तकं महिन्याभरात रद्दीत घातली. अबुजरला एकच गोष्ट हवी होती, तिला काय सापडलं होतं तेवढं कळायला हवं होतं. त्या एका नावावर त्याचं अख्खं आयुष्य अडून बसलं होतं. आणि ते नाव कुठं असलं तर अप्पांच्या वाचनालयातच असणार, हे ठाऊक असूनही त्याची आत जायची छाती होत नव्हती.

तर त्या दुपारी तो गेला.

मल्लिनाथअप्पा कपाळाला भस्म लावून, गळ्यात इष्टलिंग घालून, बनियनवर बसले होते. वीज गेलेली. त्यांनी अबुजरकडं पाहिलं आणि नजर लगेच पेट्यांवर नेली.

“लई दिवसांनी आलास बाळ.”

“हाव.”

एवढंच. मग अप्पांनी सांगितलं की ते घरी जेवायला जाऊन येतात, तोवर अबुजरनं मागच्या मांडणीवरची पुस्तकं पेटीत भरायला घ्यावीत. रस्त्यावरची धूळ नको म्हणून जाताना त्यांनी शटर अर्ध्याच्या खाली ओढलं. उन्हाची एक पट्टी तेवढी फरशीवर राहिली. बाकी सगळा अंधार, आणि जुन्या कागदाचा, खळीचा कोमट वास.

इथं एक गोष्ट समजून घ्या. अप्पांची सगळी पुस्तकं एकाच खाकी कागदात घातलेली. पाठीवर फक्त नंबर. नाव दिसत नाही, त्यामुळं नेहमीच्या वाचकांना आठवत नाही कुठलं वाचलंय, कुठलं नाही. मग जो तो आपली खूण करतो. एक ठरलेलं पान, एक ठरलेली खूण. कुणी अकराव्या पानावर टिंब देतं, कुणी पन्नासाव्यावर स्वस्तिक. अप्पा आयुष्यभर ओरडले, पण हे बंद झालं नाही. पुस्तक हातात घेतलं की वाचक आधी आपलं पान उघडून बघतो.

हुमाचं पान एक्केचाळीसावं. पुस्तक वाचायला घेतलं की ती तिथं पेन्सिलनं नखाएवढी चिमणी काढायची. बिनपायाची. अबुजरनं लहानपणी विचारलं होतं, हिला पाय का नाहीत. ती म्हणाली होती, पाय काढले की चिमणी बसते, मला बसायचं नाही. पुस्तक टाकाऊ निघालं तर चिमणीवर काट. चांगलं निघालं तर नुसती चिमणी, आणि वाचून झालं की अबुजर तिच्याखाली आपला पतंग काढायचा.

त्यानं पहिल्यांदा हंडरगुळीकर उघडले. अकराच्या अकरा भागांत चिमणी आणि पतंग, चिमणी आणि पतंग. अकराव्याच्या पानावर तो बराच वेळ अंगठा ठेवून बसला.

मग तो शोधायला लागला. पेटीत पुस्तक टाकण्याआधी प्रत्येकाचं एक्केचाळीसावं पान. सोळा-सतरा पुस्तकांनंतर पहिली चिमणी सापडली. तलवारीचीच कादंबरी, कुणा मुंबईच्या लेखकाची. चिमणीवर काट, आणि बाजूला बारीक अक्षरात: ‘दर पानाला तीन मुंडकी. भाजी मंडई आहे का.’ अबुजरला हसू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि ते त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. दुसरं एक भाषांतर होतं. काट. ‘घोडा थकतच न्हाई. ह्या लेखकानं घोडा पाहिलेला न्हाई.’ तिसरं. काट. ‘राजकन्या फक्त रडते.’ किती वाचलं होतं तिनं. त्याच्यासाठी एकेक चाखून बाजूला टाकलं होतं.

चौथं पुस्तक जरा नवं होतं. चिमणी, काट, आणि ‘शेवट चोरलाय’. त्यानं ते पेटीत टाकलं, आणि टाकता टाकता त्याची नजर पहिल्या पानावरच्या शिक्क्यावर गेली. अप्पा पुस्तक आलं की त्याच दिवशी तारखेचा शिक्का मारतात.

मागच्या वर्षीचा जुलै.

हुमाला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

त्यानं पुस्तक उन्हाच्या पट्टीत नेऊन पाहिलं. तोच शिक्का, तीच तारीख. एक्केचाळीसावं पान परत उघडलं. तिचंच अक्षर, शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली शेपूट. दुसरं कुणी नक्कल करत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग शेजारचं पुस्तक उघडलं. या वर्षीचा जानेवारी. चिमणी, काट. काही लिहिलेलं नव्हतं, पण काट मारताना पेन्सिल कागदातून आरपार गेली होती. थकलेलं माणूस मारतं तशी.

ती अजून वाचत होती.

बाहेर बोळात कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि तेवढ्यात मागच्या मांडणीपलीकडून आवाज आला.

टिक… टिक… टिक…

मग, सर्र.

हा आवाज अबुजर कुठंही ओळखला असता. हुमा वाचताना पानाचा कोपरा आधीच उचलून धरायची आणि नखानं त्याला टिचकत राहायची. पान संपलं की उलटायची. आई चिडायची त्या आवाजावर. टिक, टिक, टिक, सर्र.

“आपा?” तो म्हणाला. हुमाला तो घरात आपाच म्हणायचा.

टिचकणं थांबलं.

मांडणीपलीकडं गेला तर कुणी नव्हतं. जमिनीवर सुतळीनं बांधलेलं एक पार्सल होतं, प्रकाशकाकडून आलेलं. वरच्या पोस्टाच्या शिक्क्यावर परवाची तारीख. गाठी जशाच्या तशा. चिकटपट्टी सगळीकडून बसलेली. आणि तिथं वास येत होता. संत्र्याच्या सालीचा. हुमा पुस्तकात खूण म्हणून सालीचा तुकडा ठेवायची. पण मे महिन्यात लातुरात संत्रं कुठलं?

सुतळी दातानं तोडावी लागली. आत एकच पुस्तक, खाकी कागद न चढवलेलं. ‘मिठाचा दरवाजा’. लेखिका लुंबिनी गवळे. नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पानं एकमेकांना चिकटलेली, छापखान्याचा वास असलेली. त्यानं एक्केचाळीसावं पान सोडवलं.

चिमणी. बिनपायाची. काट नव्हती.

त्यानं अंगठा फिरवला. पेन्सिलीची काजळी अंगठ्याला लागली.

शटर वर गेलं तेव्हा तो तसाच खाली बसलेला होता. अप्पांनी पुस्तक पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते स्टुलावर बसले आणि न विचारता बोलायला लागले. बहुतेक दोन वर्षं ते हेच बोलायचं टाळत होते. म्हणाले, हे पुस्तक हुमानंच मागवलेलं. एका दिवाळी अंकात त्यातलं एक प्रकरण आलं होतं, खाली ‘लवकरच प्रकाशित’ म्हणून. ते घेऊन ती आली होती, नाव लिहून घ्या म्हणाली, आलं की माझ्या भावाला द्या. प्रकाशकानं दोन वर्षं लावली.

“कधी आली होती?” अबुजरनं विचारलं.

अप्पांनी तुटलेली सुतळी उचलून बोटाला गुंडाळली.

“अप्पा. कधी?”

“तापात होती,” ते म्हणाले. “तिसरा दिवस असंल. भर दुपारी, सगळे झोपल्यावर आली. भिंत धरून उभी होती. म्हणली, अप्पा, अबुजरला एक फोन लावा, ये म्हणावं.”

“मग?”

“न्हाई लावला.” अप्पा आपल्या हाताकडं बघत होते. “तुमच्या घरचा मामला… पोरीची जात… म्हणलं आपण कशाला…”

अबुजर पुढं ऐकायला थांबला नाही. त्याला एवढंच विचारावंसं वाटलं की गळ्यात देव बांधून, रोज कपाळाला भस्म फासून हे माणूस दोन वर्षं झोपलं कसं. विचारलं नाही. पुस्तक घेतलं, गाडा तिथंच सोडला आणि घरी आला.

एका बैठकीत त्यानं साठ पानं वाचली, आणि हुमाचं खरं होतं. हंडरगुळीकरांनंतर हेच. गोष्ट एका गडाची, ज्याचा दरवाजा मिठाच्या दगडाचा आहे, आणि त्या दरवाजावर पहारा देणाऱ्या एका पोरीची. लढाईवरून शेवटचा स्वार परत येईपर्यंत तिनं दरवाजा धरून उभं राहायचं. कितीही दिवस लागोत, पहारेकरणीनं बसायचं नाही. बसली की ती त्या दरवाजाचीच होते, मिठाची. हे नेमकं एक्केचाळीसाव्या पानावर होतं. अबुजर रडला, वाचला, पुन्हा रडला. साठाव्या पानात त्यानं बसचं जुनं तिकीट घातलं आणि झोपला.

सकाळी तिकीट जागेवर होतं. तीस पानं पुढं, नव्वदाव्या पानात, संत्र्याच्या सालीचा एक तुकडा होता. ओला.

तो घाबरला नाही, असं तो म्हणायचा. ते खोटं आहे. घाबरला, पण त्या भीतीखाली इतकं सुख होतं की त्यानं भीतीला हात लावला नाही. मग रोज तेच सुरू झालं. तो वीस पानं वाचायचा, सकाळी सालही वीस पानं पुढं सरकलेली. एकदा त्याच्या उशाशी दोन सोललेल्या फोडी होत्या, आणि त्या दिवशी वाचताना दरवाजावरच्या पोरीचा म्हातारा गुरू मेला. अबुजरनं त्या फोडी खाल्ल्या. गार होत्या.

अंगणातल्या कामाच्या जागी बाप पत्रा ठोकायचा, मधेच थांबून आतल्या खोलीकडं बघायचा.

साल शेवटच्या पानावर पोचली. अबुजरची बारा पानं राहिली होती. शेवटचा स्वार डोंगर उतरून येत होता, पोरगी दरवाजा धरून उभी होती, तिचे हात पांढरे पडायला लागले होते. आणि तिथं अबुजरनं पुस्तक मिटलं.

बारा पानं वाचली की संपलं. मग चिमणीखाली पतंग काढायचा, आणि दोघांचं वाचून झालं. पुढं बघायला जायला तिला वाटच उरणार नव्हती. साल येणार नव्हती, टिचकणं येणार नव्हतं. मेघदंड पुलावर उभा आहे तो उभाच आहे, म्हणून तर तो अजून मेलेला नाही. त्यानं पुस्तक बापाच्याच एका पेटीत घातलं, कडी लावली, कुलूप लावलं. घरच्यांनी तिला पाच दिवस दाराआड ठेवलं होतं. यानं काही वेगळं केलं का, हे त्याच्या मनात आलं नाही. मनात आलं नाही, असं तो म्हणतो.

पहिल्या दिवशी पेटीतून आवाज आला. टिक… टिक… टिक… पुढचं सर्र मात्र आलं नाही. उलटायला पान नव्हतं. दुसऱ्या दिवशी टिचकणंही थांबलं. संत्र्याचा वास तेवढा होता, पण शिळा, कडवट.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी लालमहंमद पहाटेच्या, फजरच्या नमाजावरून आला. टोपी काढली नाही, वहाणा काढल्या नाहीत, तसाच खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला. दोन वर्षांत त्यानं पोराशी धड एक वाक्य बोललेलं नव्हतं. आता बोलला, आणि अबुजरला आपला बाप किती म्हातारा झालाय ते पहिल्यांदा दिसलं.

“वो किताब पूरी कर डाल बाबा…”

पुस्तकाबद्दल अबुजरनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

“फजरकू उठा तो दिखती,” बाप म्हणाला. “पेटी के बाजू में. पैले खडी रहती थी, दीवार पकडके. दो दिन से… बैठ गयी.”

एवढं म्हणून तो उंबऱ्यातच खाली बसला आणि तोंडात टोपी धरून रडायला लागला. अबुजरनं त्याला उठवलं नाही. त्यानं कुलूप काढलं, पुस्तक घेतलं. मुखपृष्ठ बर्फासारखं गार होतं आणि बोटांना काहीतरी बारीक, खरखरीत लागलं. त्यानं जीभ लावून पाहिली. मीठ.

उभ्या उभ्याच तो ती बारा पानं वाचायला लागला. मोठ्यानं, अडखळत, जसं ती त्याला लहानपणी वाचून दाखवायची तसं. स्वार आला. दरवाजा मिटला. गोष्ट संपली. खोलीत कसलाच आवाज झाला नाही. त्यानं बापाच्या कामाच्या जागेवरची खुणांची पेन्सिल आणली आणि पतंग काढायला एक्केचाळीसावं पान उघडलं.

चिमणी होती. काट नव्हती.

खाली, जिथं त्याचा पतंग यायचा तिथं, कागदात आरपार दाबून काढलेले दोन बारीक पाय होते.